सिंगापूर, हार्ड डिस्क आणि तिची प्रत

ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रॅम, फायली, एरवी डोळ्यांना न दिसणारी पार्टिशन आणि संगणक सुरू करणारे पहिले सेक्टर असे डिस्कवरचे सगळे दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवणे म्हणजे क्लोनिंग. हेच सगळे एका मोठ्या फायलीत बांधून ठेवले तर तिला इमेज म्हणतात. क्लोन केलेली डिस्क लगेच संगणकात बसवून वापरता येते, पण त्यासाठी एक आख्खी डिस्क अडकून पडते. इमेजचे तसे नाही. वेगवेगळ्या तारखांच्या अनेक इमेज एका डिस्कवर मावतात, मात्र गरज पडली की त्या उलगडाव्या लागतात. या कामासाठीच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात सिंगापूर दोनदा येते. एके काळी जगातल्या हार्ड डिस्कपैकी सुमारे निम्म्या या बेटावर तयार होत होत्या. पुढे, डिस्क कधी ना कधी दगा देणारच हे गृहीत धरून चालणारी एक मोठी कंपनीही इथेच स्थापन झाली. बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना आज ज्या कसोट्या लावल्या जातात, त्यांपैकी बहुतेक गेल्या चाळीस वर्षांतल्या कोणत्या ना कोणत्या फजितीतून आलेल्या आहेत.

सीगेट ही कंपनी १९७९ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने ५ मेगाबाइटची ‘एसटी-५०६’ ही सव्वापाच इंची हार्ड डिस्क बाजारात आणली. लहान संगणकात बसेल अशी ही पहिली हार्ड डिस्क. आयबीएमचा पीसी आल्यावर मागणी वाढली आणि त्याबरोबर किमतींची लढाईही सुरू झाली. १९८२ मध्ये सीगेट सिंगापुरात आली. १९८४ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या स्कॉट्स व्हॅली इथले मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन इकडे हलवले आणि तिकडच्या शेकडो कामगारांना घरी बसवले. सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळाने, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेल्या ईडीबीने, करसवलती दिल्या होत्या. इंग्रजी जाणणारे तंत्रज्ञ मिळत होते आणि मजुरी अमेरिकेच्या मानाने फारच कमी होती. चांगीचा नवा विमानतळही १९८१ मध्येच सुरू झाला होता. त्याचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. हार्ड डिस्क वजनाला हलकी, किमतीला भारी आणि काही महिन्यांत जुनी होणारी वस्तू आहे. असा माल जहाजावर आठवडेच्या आठवडे ठेवणे परवडत नाही, तो विमानानेच पाठवावा लागतो.

सीगेटच्या पाठोपाठ मॅक्स्टर, कॉनर पेरिफरल्स, मायक्रोपोलिस, वेस्टर्न डिजिटल अशा कंपन्या आल्या. त्यांना लागणारे धातूचे सुटे भाग, मोटर आणि सर्किट बोर्ड पुरवणारे स्थानिक कारखाने उभे राहिले. त्या पुरवठादारांमुळे आणखी कंपन्या येत गेल्या. मॅकेन्ड्रिक, डोनर आणि हॅगर्ड या तीन अभ्यासकांनी २००० साली या उद्योगावर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच सिलिकॉन व्हॅली ते सिंगापूर हा प्रवास आहे. हा धंदा मुंबईलाही अगदी अपरिचित नव्हता. टँडन या अमेरिकी कंपनीने १९८० च्या दशकात अंधेरीच्या सीप्झमध्ये ड्राइव्हच्या जुळणीचे काम चालवले होते. १९८८ मध्ये तिचा हार्ड डिस्कचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला. मुंबईत मात्र सिंगापूरसारखे पुरवठादारांचे जाळे उभे राहिले नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंगापुरातही ओहोटी लागली. सरकारी मालकीच्या सिंगापूर टेक्नॉलॉजीजने १९९६ मध्ये मायक्रोपोलिस विकत घेतली. आपल्या बेटाची स्वतःची डिस्क कंपनी असावी ही त्यामागची महत्त्वाकांक्षा. १९९७ च्या नोव्हेंबरात ती बंद करावी लागली. परक्या कंपन्यांना कारखान्यासाठी जागा देणे जमले होते, पण डिस्कच्या बाजारातल्या तोट्याचा भार स्वतः उचलणे ही वेगळी गोष्ट होती, हे त्यातून दिसले. जास्त हातांची गरज असलेली जुळणी मलेशिया, थायलंड आणि चीनकडे सरकत गेली. सीगेटने आपला आंग मो किओ इथला कारखाना बंद करण्याची घोषणा २००९ मध्ये केली, तेव्हा सुमारे २,००० नोकऱ्या गेल्या. डिस्कच्या आतल्या चकत्यांचे उत्पादन मात्र वुडलँड्समध्ये चालूच राहिले आणि संशोधनाचे केंद्र वन-नॉर्थ भागात उभे राहिले.

या सगळ्या काळात डिस्क बनवणाऱ्यांनी ग्राहकाला दिलेली हमी वस्तूची होती, मजकुराची नव्हती. वॉरंटीत बिघडलेल्या डिस्कच्या बदल्यात दुसरी डिस्क मिळते आणि ती कोरी असते. डिस्क किती अचानक जाते याचा मोठा पुरावा २००७ मध्ये मिळाला. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक ड्राइव्हच्या नोंदी तपासल्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची माहिती ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेतून देत असते. पण बंद पडलेल्या ड्राइव्हपैकी ३६ टक्क्यांहून अधिकांनी त्या यंत्रणेतून कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या ‘बॅराकुडा ७२००.११’ मालिकेतल्या काही डिस्क फर्मवेअरमधल्या दोषामुळे संगणक चालू करताच ओळख देईनाशा झाल्या. चकत्यांवरचा मजकूर शाबूत होता, पण तिथपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद झाली होती. डिस्क आजारी दिसू लागली की प्रत घेऊ, हा बेत दोन्ही प्रसंगांत कुचकामी ठरला असता.

प्रत घेण्याची साधने त्याआधीपासून होती. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून ‘डीडी’ ही आज्ञा आहे. ती एका ठिकाणचे बाइट उचलून क्रमाने दुसऱ्या ठिकाणी ठेवते. त्या बाइटचा अर्थ तिला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. मात्र आज्ञेत मूळ आणि रिकामी डिस्क यांची अदलाबदल झाली, तर ती तितक्याच निमूटपणे भरलेल्या डिस्कवर कोरेपणा उतरवते. क्लोनिंगमधली सर्वांत जुनी आणि आजही घडणारी दुर्घटना हीच. म्हणूनच चांगले सॉफ्टवेअर पुसली जाणारी डिस्क तिच्या कंपनीच्या नावासह, आकारासह आणि त्यावरच्या पार्टिशनसह आधी दाखवते. हा सौजन्याचा भाग वाटला तरी प्रत्यक्षात ती निवडीची पहिली कसोटी आहे.

पीसीच्या जगात हे काम लोकप्रिय केले ते न्यूझीलंडने. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी १९९५ साली ‘घोस्ट’ तयार केले. त्याचा जन्म बॅकअपसाठी झालेला नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एक संगणक नीट लावायचा आणि त्याच्यासारखे पन्नास दुसरे झटपट तयार करायचे, हा त्याचा हेतू. घोस्ट एका फ्लॉपीत मावत असे आणि डॉसमधून चालत असे. म्हणजे प्रत घेताना विंडोज बंदच असायची आणि कोणतीही फाइल मध्येच बदलण्याचा प्रश्न यायचा नाही. सिमँटेकने १९९८ मध्ये ते विकत घेतले. सिंगापुरातल्या शाळांसाठी १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचा बृहत् आराखडा जाहीर झाला होता. सुमारे २ अब्ज सिंगापुरी डॉलरच्या या योजनेत दर दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक हे उद्दिष्ट होते. एकाच साच्याचे संगणक मोठ्या संख्येने लावण्याची गरज अशाच योजनांतून निर्माण होते आणि क्लोनिंगचे खरे माहेर तेच.

मोठ्या प्रमाणावर प्रती निघू लागल्या तशा दोन अडचणी पुढे आल्या. एक म्हणजे विंडोज एनटी प्रत्येक संगणकाला ‘एसआयडी’ नावाचा ओळखक्रमांक देत असे आणि क्लोन केलेल्या सगळ्या संगणकांत तो एकच उतरत असे. तो बदलण्यासाठी खास साधने निघाली, त्यांत मार्क रुसिनोविच यांचे ‘न्यूएसआयडी’ गाजले. गंमत अशी की, २००९ मध्ये रुसिनोविच यांनीच ते मागे घेतले आणि सारख्या एसआयडीचा बाऊ निष्कारण केला गेला, असे सांगितले. जगभरच्या तंत्रज्ञांनी दहा वर्षांहून अधिक काळ पाळलेले सोवळे एका लेखाने संपले. विंडोजच्या प्रती मोठ्या संख्येने वाटायच्या तर मायक्रोसॉफ्टचे ‘सिसप्रेप’ वापरावे, हा नियम मात्र कायम आहे. दुसरी अडचण परवान्यांची होती. डिस्कबरोबर तिच्यावरच्या सॉफ्टवेअरचीही नक्कल होते, परवान्याची होत नाही. सिंगापूरने आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल करून २००५ पासून व्यवसायात जाणूनबुजून बेकायदा सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीलाही गुन्हेगार ठरवले. पुढच्याच वर्षी अंतर्गत सजावटीच्या एका कंपनीला या कायद्याखाली ३०,००० सिंगापुरी डॉलरचा दंड झाला.

सिंगापूरचे नाव या सॉफ्टवेअरशी थेट जोडले जाते ते ॲक्रॉनिसमुळे. लेनिनग्राडमध्ये जन्मलेले सर्गेई बेलोउसोव्ह यांनी २००१ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले. त्यांच्या ‘एसडब्ल्यूसॉफ्ट’ कंपनीतून निघालेली ॲक्रॉनिस २००३ साली सिंगापुरात उभी राहिली. तिचा प्रोग्रॅमिंगचा मोठा भाग मॉस्कोत होत असे. सिंगापूरकडून मिळाले ते कायद्याचे घर आणि आशियाच्या बाजारात चालणारा पत्ता. डिस्कच्या कारखान्यांमुळे ही कंपनी इथे आली, असे म्हणणे मात्र ओढूनताणून होईल. परक्या उद्योजकाला लवकर सामावून घेणारी व्यवस्था हाच दोन्ही घटनांमागचा समान धागा. २००८ मध्ये कंपनीने आपले मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन इथे नेले, तरी सिंगापूरचे कार्यालय महत्त्वाचे राहिले.

ॲक्रॉनिसची सुरुवातीची उत्पादने पार्टिशन पाडण्याची आणि एकाच संगणकात अनेक ऑपरेटिंग सिस्टीम ठेवण्याची होती. नाव झाले ते ‘ट्रू इमेज’मुळे. विंडोज चालू असताना, काम न थांबवता डिस्कची इमेज घेण्याची सोय त्यात होती. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पॉवरक्वेस्टच्या ‘ड्राइव्ह इमेज’नेही हेच साधले. ती कंपनी सिमँटेकने २००३ मध्ये घेतली आणि पुढचे घोस्ट तिच्याच तंत्रावर उभे राहिले. चालू डिस्कची प्रत घेण्यातला पेच असा की, प्रत अर्ध्यावर आली असताना एखादी फाइल बदलली तर तिचा पूर्वार्ध जुना आणि उत्तरार्ध नवा असा उतरतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या पिढीत आणलेली ‘व्हीएसएस’ ही व्यवस्था यावर उपाय करते. ती एका क्षणाचे चित्र गोठवते, पुढचे बदल बाजूला ठेवते आणि डेटाबेससारख्या प्रोग्रॅमना आपापले हिशेब क्षणभर नीट मिटवायला सांगते. व्हीएसएस न वापरणाऱ्या साधनाने चालू डेटाबेसची घेतलेली प्रत उघडेलच, असे सांगता येत नाही.

डिस्क बनवणाऱ्यांनी आणि प्रत घेणाऱ्यांनी शेवटी एकमेकांचा हात धरला. सीगेटचे ‘डिस्कविझार्ड’ आणि वेस्टर्न डिजिटलने ग्राहकांना दिलेली आवृत्ती, दोन्ही मुळात ट्रू इमेजच. ती मोफत मिळत, पण त्या कंपनीची निदान एक डिस्क संगणकाला जोडलेली असावी लागे. घरच्या वापरासाठी, विशेषतः जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जाण्यासाठी, एवढे पुरते. मुख्य तोटा पुढे दिसतो. इमेज त्या कंपनीच्या स्वतःच्या साच्यात असते आणि काही वर्षांनंतर ती उलगडायची तर तेच सॉफ्टवेअर हाताशी लागते. सिमँटेकने घरगुती ग्राहकांसाठीचे नॉर्टन घोस्ट २०१३ च्या एप्रिलअखेर बंद केले. इंग्लंडच्या मॅक्रियमने ‘रिफ्लेक्ट’ची मोफत आवृत्ती थांबवत असल्याचे २०२२ मध्ये सांगितले. ट्रू इमेजचे नावही २०२१ मध्ये बदलले गेले आणि नंतर पुन्हा जुने आणले गेले. जुनी इमेज कोणत्या आवृत्तीत उघडते, याची नोंद इमेजच्या शेजारीच ठेवलेली बरी.

ज्यांना हे बंधन नको, त्यांच्यासाठी तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेले ‘क्लोनझिला’ आहे. ते मुक्त स्रोताचे आणि मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून सुरू होते आणि फाइल सिस्टीम ओळखून फक्त भरलेला भाग उचलते. त्याचा पडदा रूक्ष आहे, पर्याय गोंधळवणारे आहेत आणि सहसा ते मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जाऊ देत नाही. तरीही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी त्याहून स्वस्त आणि टिकाऊ साधन सापडणे कठीण. डिस्कवर खराब सेक्टर असतील तर गोष्ट वेगळी. नेहमीची साधने अशा सेक्टरवर अडखळतात. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ आधी चांगला भाग उचलते, कुठे अडले त्याची नोंद ठेवते आणि मग अवघड जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अर्थात मूळ मजकूरच बिघडलेला असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

२०१० नंतर डिस्कच बदलली आणि जुनी साधने उघडी पडली. सेक्टर ५१२ बाइटवरून ४,०९६ बाइटचे झाले. जुन्या सॉफ्टवेअरने पार्टिशन चुकीच्या ठिकाणाहून सुरू केले की डिस्क मंदावते. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कसाठी पार्टिशनच्या नोंदीची जुनी एमबीआर पद्धत पुरत नाही, तिथे जीपीटी लागते. ‘यूईएफआय’ संगणकात सुरुवातीची फाइल एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असते. केवळ सी ड्राइव्ह उचलणाऱ्याला ते दिसत नाही आणि क्लोन सुरूच होत नाही. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कची बाहेरून प्रत घेतली, तर रिकाम्या जागेसह सगळे सेक्टर जसेच्या तसे उचलावे लागतात. चालू विंडोजमधून घेतली तर इमेजमधला मजकूर उघडा असतो, मग त्या इमेजलाच पासवर्ड घालावा लागतो. सिंगापूरच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, जो २०१२ मध्ये संमत झाला, ही बाब कंपन्यांच्या दृष्टीने ऐच्छिक ठेवलेली नाही. ग्राहकांची माहिती असलेली प्रतही मूळ डिस्कइतकीच जपावी लागते.

प्रत असूनही काम अडते, हे सिंगापूरला बँकांनी शिकवले. ५ जुलै २०१० रोजी डीबीएस बँकेच्या साठवण यंत्रणेत देखभालीचे नेहमीचे काम चालू असताना चूक झाली. पहाटेपासून सकाळी दहापर्यंत एटीएम आणि शाखांचे व्यवहार ठप्प झाले. खातेदारांचा हिशेब हरवला नव्हता, पण तो वेळेत हाताशी आला नाही. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे मॉनेटरी ऑथॉरिटी ऑफ सिंगापूरने, डीबीएसला सुमारे २३ कोटी सिंगापुरी डॉलरचे जादा भांडवल बाजूला ठेवायला लावले. २०१३ मध्ये तिने नियमच केला की, कळीची यंत्रणा बंद पडली तर ती चार तासांत पूर्ववत करण्याची बँकेची तयारी असली पाहिजे. नियमाने मोजले ते प्रतींची संख्या नव्हे, तर परतीचा वेळ. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी एका डेटा सेंटरमधली शीतन यंत्रणा बिघडली आणि डीबीएस व सिटी या दोन्ही बँकांच्या सेवा कोलमडल्या. दुसरी डेटा सेंटर तयार होती, तिकडे वळतानाच अडथळे आले. सुमारे २५ लाख व्यवहार त्या दिवशी होऊ शकले नाहीत.

घरगुती किंवा छोट्या कार्यालयाच्या संगणकाला हेच माप लहान करून लावता येते. सॉफ्टवेअर बचाव माध्यम, म्हणजे विंडोजशिवाय सुरू होणारा पेन ड्राइव्ह, तयार करून देते का? त्या पेन ड्राइव्हला संगणकातली नवी एनव्हीएमई डिस्क आणि नेटवर्क दिसते का? वेगळ्या मदरबोर्डवर इमेज उतरवता येते का? इमेज उघडून त्यातली एकच फाइल काढता येते का, आणि इमेज शाबूत असल्याचे ते स्वतः पडताळते का? जाहिरातीत मिरवणाऱ्या वेगाच्या आकड्यांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आणि ती खरेदीआधी चाचणी आवृत्तीवरच मिळतात. विंडोज ७ पासून सिस्टीम इमेजची सोय विंडोजमध्येच आहे. पण मायक्रोसॉफ्टने तिची वाढ थांबवलेली असल्याने तिच्यावर नवी व्यवस्था उभारण्यात अर्थ नाही.

क्लोन हा बॅकअपचा एक भाग आहे, पूर्ण बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्यावर घेतलेल्या क्लोनमध्ये कुलूपबंद फायलीच असतात आणि चुकून पुसलेली फाइल पुढच्या क्लोनमधूनही जाते. म्हणून मागच्या अनेक तारखांच्या इमेज ठेवाव्या लागतात. पहिली पूर्ण इमेज आणि त्यानंतर फक्त बदलांच्या छोट्या इमेज अशी साखळी बहुतेक सॉफ्टवेअर बांधते. साखळीतली मधली एक इमेज बिघडली तर पुढच्या सगळ्या निरुपयोगी होतात, त्यामुळे अधूनमधून नवी पूर्ण इमेज घेणे भाग पडते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर, हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात मांडला होता. आज तो सगळा व्यवसाय वापरतो. पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रुवा’सारख्या कंपन्यांनी घराबाहेरची प्रत थेट क्लाउडवर नेण्याचा धंदा उभा केला. ॲक्रॉनिसनेही २०१७ च्या सुमारास रॅन्समवेअर रोखण्याची सोय बॅकअपमध्येच घातली.

४ ऑगस्ट २०२४ रोजी सिंगापुरातल्या २६ माध्यमिक शाळांच्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांच्या आयपॅड आणि क्रोमबुकवरचा मजकूर एका रात्रीत पुसला गेला. शाळांनी या उपकरणांवर देखरेखीसाठी बसवलेल्या ‘मोबाइल गार्डियन’ या सेवेत कोणीतरी घुसले होते. डिस्कचा बिघाड नव्हता आणि कारखान्याचा दोषही नव्हता. ज्यांच्या वह्या-टिपणे दुसरीकडे साठवलेली होती त्यांना ती परत मिळाली, ज्यांची नव्हती त्यांना नाही. शिक्षण मंत्रालयाने ते ॲप सगळ्या उपकरणांवरून काढून टाकले. अशा उपकरणांत साठवण बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे डिस्क काढून दुसरी लावण्याचा प्रश्न येत नाही आणि क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरला तिथे कामच उरत नाही. डिस्क बदलता येणाऱ्या डेस्कटॉप, लॅपटॉप आणि सर्व्हरसाठी ते अजून लागते, आणि जुनी चकतीची डिस्क काढून एसएसडी बसवताना तर त्याला पर्याय नाही.